नवरा म्हणतोय फ्लॅट विकून गावाकडं शेतात स्वतःच्या हातानं मातीचं घर बांधू. मुलं लहान आहेत. स्वस्त पडतं का? कुणी खरंच राहतंय का असं?

आम्ही राहतोय. पन्हाळा तालुक्यात, कळ्याच्या पुढं बाजारभोगावच्या अंगाला, आम्ही दोघं, दोन पोरं आणि सासूबाई. मी इथं नुसती वाचत असते, उत्तरं लिहीत नाही, पण 'स्वस्त पडतं का' वाचलं आणि डोकं सटकलं, कारण आमच्या वेळी हेच सगळ्यांनी नवऱ्याला विचारलं, भावकीनं विचारलं, त्यांच्या मित्रांनी विचारलं, मला एकानंही विचारलं नाही की बाई तुला जमणार आहे काय.

तर नाही, स्वस्त नाही पडत. माती फुकट असते, माणूस फुकट नसतो. आमची भिंत दीड फूट जाडीची आहे, वीट नाही, साचा नाही, भाताचं पिंजार घालून तुडवलेल्या मातीचे थर एकावर एक. एक थर हातभर उंचीचा, तो वाळून घट्ट झाल्याशिवाय वरचा चढवता येत नाही, घाई केली की खालचा थर पोट काढतो आणि मग ते पोट तासत बसा. म्हणजे दिवाळी झाली की काम सुरू आणि मे संपायच्या आत डोक्यावर छप्पर, एवढाच वेळ हातात. आणि आपल्याकडं दिवाळीनंतर काय असतं? ऊस. कारखाने सुरू झाले, गुऱ्हाळं पेटली की गावात गडी मिळत नाही, मिळालाच तर ऊसतोडीचा दर सांगतो, आणि त्याचं काय चुकलं, तुमचा चिखल तुडवायला तो कमी पैशात का येईल. व्हिडिओ बघून हिशोब करणाऱ्या नवऱ्यांच्या वहीत हे कुठंच नसतं. आमच्या यांनी लॉरी बेकर पाठ केलेला. इंग्लंडातून आलेला आर्किटेक्ट, केरळात कमी खर्चात शेकड्यांनी घरं उभी केली, १९९० ला पद्मश्री मिळाली, तिरुअनंतपुरमला टेकडीच्या उतारावर स्वतःचं घर बांधलं. थोर माणूस, वादच नाही. पण त्यांची बायको डॉक्टर होती हो, पेशंट बघायची, भिंती लिंपत बसली असेल असं मला वाटत नाही. आणि बेकरांचं बरंचसं काम मातीचं नाही, विटेचं आहे, हे नवऱ्यानं मला आमची भिंत कमरेपर्यंत आल्यावर सांगितलं.

आम्हाला तरी कुठल्या बँकेनं मातीच्या घराला कर्ज दिलं नाही. आम्ही जिथं जिथं विचारलं तिथल्या साहेबांनी आधी चहा पाजला आणि मग आरसीसीचा नकाशा घेऊन या म्हणून सांगितलं. शेवटी सोनं ठेवलं. माझं. म्हणून फ्लॅट विकू नका, भाड्यानं द्या. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, हे वाचा.

आता पश्चिमेच्या भिंतीचं सांगते, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल.

माझे धाकटे दीर सेंट्रिंगचं काम घेतात. आमच्या आणि आजूबाजूच्या गावातले निम्मे स्लॅब त्यांनीच टाकलेत. माणूस कामाचा, मी नावं ठेवत नाही (ठेवणार आहे, थांबा जरा). पाया खणला त्या दिवसापासून त्यांचं एकच, "वैनी, किल्लारी इसरला काय?" आता किल्लारीला १९९३ मध्ये जी घरं बसली ती ओबडधोबड दगडांच्या मातीत रचलेल्या जाड भिंतींची आणि वर मातीचं जड माळवद, माणसं त्या ओझ्याखाली गेली. आमच्या डोक्यावर कौलं. शिवाय दारा-खिडक्यांच्या वर चारी भिंतींना धरून ठेवणारा लाकडाचा सलग पट्टा घातलाय, कारण कोयना इथून लांब नाही, १९६७ चा हादरा आत्तींना, म्हणजे सासूबाईंना, अजून आठवतो. हे सगळं मी त्यांना चुलीपुढं बसून समजावलं, त्यांनी भाकरी खाल्ली आणि नवऱ्याला म्हणाले, दादा, स्लॅबचा विचार कर.

मेमध्ये सुतार एका लग्नाला म्हणून गेला तो आलाच नाही, वासे चढायचे राहिले, आणि वळीव आला. तुम्ही कोल्हापूरकडच्या असाल तर वळीव कसा येतो ते सांगायला नको. संध्याकाळी आभाळ काळं, वारा, गारा, आणि आमच्या भिंती उघड्या. दीर टेम्पोतून साइटवरच्या सगळ्या ताडपत्र्या घेऊन आले, पोरं गोळा केली, रात्री भिजत भिजत प्रत्येक भिंतीच्या डोक्यावर ताडपत्री ओढून दगडं ठेवली. भिंती वाचल्या. हे मी विसरणार नाही आणि ते मला विसरू पण देत नाहीत.

त्या उपकारावर मग पुढचं सगळं झालं. छप्पर चढल्यावर गिलाव्याचा विषय निघाला. माझं म्हणणं, चारी बाजूंनी चुना. दीर म्हणाले, पाऊस सगळा पश्चिमेकडनं येणार, तिथं तरी कोंबडीची जाळी मारून सिमेंट करूया, मी फुकट करून देतो. नवरा गप्प. ज्या माणसानं रात्रभर ताडपत्र्या ओढल्या त्याला नाही कसं म्हणायचं. मी म्हणाले, पन्हाळ्यावर अंबरखाना उभा आहे, धान्याचं जुनं कोठार, तो काय सिमेंटात बांधलाय? तर म्हणाले, वैनी, अंबरखान्याला राजाचा पैसा होता. सगळे हसले. झालं, पश्चिमेची भिंत सिमेंटची.

चुन्याचं काम मी आणि नवऱ्यानं केलं. कळीचा चुना खड्ड्यात विझवायचा, तेव्हा तो उकळतो आणि उडतो, पोरांना त्या दिवशी माहेरी पाठवलं होतं. मग महिनाभर पाण्याखाली मुरवायचा, वाळूत मळताना हिरड्याचं पाणी आणि गूळ. गूळ आपल्याकडं काय कमी, गुऱ्हाळवाल्यानं बाजारात न खपणारा काळपट गूळ जवळजवळ फुकटच दिला. पहिल्या हातात गूळ जरा सढळ पडला आणि गावातले झाडून सगळे मुंगळे भिंतीवर. आत्ती म्हणाल्या, घर बांधलंयसा का पेढ्याचं दुकान काढलंयसा. गिलावा झाल्यावर ओली पोती लावून पुढं दिवसच्या दिवस भिजवत राहावं लागतं, चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो, सिमेंटासारखा एका रात्रीत नाही. दीर रोज येता-जाता विचारायचे, वाळला काय वो अजून.

पहिल्या पावसात नागपंचमीपर्यंत सिमेंटच्या भिंतीवर केसासारख्या बारीक चिरा दिसायला लागल्या. गणपतीच्या आधी टिचकी मारली तर आवाज पोकळ. आणि गौरी जेवायच्या दिवशी, घरात पाहुणे, दारातून जेमतेम आत आलेले, तेवढ्यात दरवाजाएवढा गिलाव्याचा तुकडा जाळीसकट खाली, आणि येताना टीचभर माती घेऊन. आतली माती हातानं ओरबाडता यायची अशी झालेली. मातीच्या भिंतीत ओल थोडी का होईना जाणारच, चिरेतून जाईल, जोत्यातून वर चढेल, ती परत बाहेर पडायला वाट पाहिजे. चुना वाट देतो, सिमेंट बुच मारतं. शिवाय माती पावसात फुगते, उन्हात आकसते, सिमेंट काही तिच्याबरोबर हलत नाही, मग दोघांचं सुटतं. बाकीच्या तीन भिंतींवर शेवाळ आलं, दोन-चार ठिकाणी पापुद्रा सुटला, ते थापीनं अर्ध्या दिवसात नीट केलं.

पुढच्या उन्हाळ्यात पश्चिमेचं सगळं सिमेंट काढलं, भिंत वाळवली, खड्डे भरले, चुना केला, आणि त्या बाजूला पडवी काढली. तेव्हापासून ती भिंत ठणठणीत आहे. आणि आता प्रत्येक लग्नात, बारशात, दीर पंगतीत सांगतात की चुना-बिना काही नाही, पडवी काढली म्हणून टिकली. यात तथ्य आहे, हे मी इथं लिहिते कारण ते इथं येत नाहीत. मातीच्या घराचं खरं औषध गिलावा नाहीच, छप्पर आहे. आपल्या पट्ट्यात वळचण भिंतीच्या तीन फूट तरी बाहेर पाहिजे, पावसाच्या अंगाला पडवी पाहिजे, आणि खाली काळ्या दगडाचं तीन फुटी जोतं, म्हणजे अंगणातलं उडालेलं पाणी भिंतीला लागत नाही. पण मग ती पडवी पहिल्या वर्षीच काढूया असं कोण म्हणत होतं? मी. आणि पैसे नाहीत म्हणून कुणी थांबवलं? जाऊ दे.

तुम्ही विचारलंय मुलं लहान आहेत म्हणून. मुलांचं काही नसतं हो. बांधकाम चालू असताना आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो, पोरं चिखलात खेळून मजेत, जिल्हा परिषदेची शाळा चांगली आहे, वरच्या वर्गाला एसटीनं कळ्याला जायचं. साप निघतात, विंचू निघतात, घुशी भिंतीच्या बुडाला उकरतात, वानरं कौलं फोडतात. मोटरीची थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, त्या हिशोबानं टाकी भरायची. याची सवय होते. ज्याची सवय होत नाही ते म्हणजे दरवर्षी पावसाच्या आधी भिंतींवर डागडुजीचा हात फिरवणं, आणि ते कोण करणार हे आधी ठरवून घ्या.

आमच्यात सगळ्यात जास्त विरोध सासूबाईंचा होता आणि सगळ्यांनी तो म्हातारीची कुरकुर म्हणून सोडून दिला. त्यांचं अर्धं आयुष्य मातीच्या घरात गेलं, दर आठवड्याला सारवण, सणाला पोतेरं, पावसाळ्यात भिंतीला पाल्याचा आडोसा, हे सगळं बायकांनी केलेलं. मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, मागं लागून त्यांनीच गावातल्या घराला स्लॅब घालून घेतला होता. त्या म्हणाल्या, "जल्मभर श्याणात हात घातलं, आता तुमच्या हौशेपायी परत घालू? मी न्हाई घालणार, जावा." या अख्ख्या भानगडीत एवढं मुद्द्याचं कुणीच बोललं नाही. किल्लारीपेक्षा ते महत्त्वाचं होतं. म्हणून मी दोन अटी घातल्या, आत शेणाची जमीन नाही, शहाबादी फरशी, आणि बाहेरची डागडुजी नवऱ्यानं करायची, भावकीसमोर कबूल करून घेतलं. करतात बिचारे. मेमध्ये रजा टाकून करतात. शिरोलीत फौंड्रीत कामाला आहेत, रोज जाऊन-येऊन, नोकरी सोडायचं खूळ पण होतं डोक्यात, ते मी काढलं.

तुमच्या नवऱ्याला तेवढं विचारा की दहा वर्षांनी जूनच्या आधी शिडीवर कोण असेल. 'आपण' म्हणाले तर अजून थोडे दिवस फ्लॅटमध्येच बरे.

बाकी राहिलेलं. उन्हाळ्यात घर खरंच गार असतं, एप्रिलमध्ये दुपारी पंखा लागत नाही, हे खोटं नाही. बाथरूम-संडास आमचं जांभ्याच्या चिऱ्याचं आणि सिमेंटचंच आहे, तिथं मातीचा हट्ट धरू नका. माती आमच्याकडची तांबडी, ती चालते, शिरोळ-हातकणंगलेकडची काळी असेल तर नुसत्या त्या मातीची भिंत नको, उन्हात भेगाळते आणि पावसात फुगते. नदीकाठी तर विषयच नको, २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी शिरलेल्या गावांत मातीच्या भिंती कशा बसल्या ते सगळ्यांनी बघितलंय, थेट पाण्यात उभी राहिलेली मातीची भिंत कुणाचा बाप वाचवू शकत नाही. शेतजमिनीत राहतं घर बांधायचं तर शेतघराची परवानगी लागते, सातबारा तुमच्या नावावर पाहिजे, आधी तलाठ्याकडं जा, नंतर चिखलाकडं. आणि मी इंजिनियर नाही, पट्टा कुठं घालायचा, पाया किती खोल, हे मातीतलं काम केलेल्या माणसाला दाखवून घ्या.

पैसे वाचतात ते एका ठिकाणी, जुन्या सामानात. गावोगाव लोक स्लॅबसाठी जुनी घरं उतरवतात, सागाच्या तुळया, वासे, दारं-चौकटी आणि मंगळुरी कौलं मातीमोल जातात. आमचं अख्खं छप्पर तसलंच आहे. होळीच्या आसपास चौकशी करा, तेव्हा घरं पाडायला सुरुवात होते. कौल घेताना एकेक हातात धरून टिचकी मारायची, खणखणीत वाजलं तर घ्या, बद्द वाजलं तर चिरलेलं आहे. आणि सेंट्रिंगवाल्याला बरोबर नेऊ नका, तो पत्रा घ्या म्हणेल.