आधी पाणी विचार

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. खोलीतल्या मैत्रिणीने विचारलं, ‘माळी म्हणजे हार विकणारे ना?’ आणि तू रात्रभर मोबाइलवर कूळ शोधत बसलीस. आता मला विचारतेस, आपण मुळात क्षत्रिय होतो का, पुरावा असेल तर पाठवा.

आधी पाणी विचार, मग कूळ.

‘माळी’ शब्द मालेवरून आला, मालाकार हे त्याचं संस्कृत रूप. म्हणून लोकांना फक्त हार दिसतो. पण आपल्या पोटजाती बघ: फुलमाळी, जिरेमाळी, हळदेमाळी. वाफ्यात जे पिकलं तेच नावाला चिकटलं. यात तुला सूर्यवंश कुठे दिसतो? शिंदे, जाधव, जगताप, राऊत ही आडनावं आपल्यात आहेत, तशी मराठा-कुणब्यांतही आहेत. जोतीरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये 1883 साली सरळ मांडलं आहे: नुसती शेती करणारे ते कुणबी, शेतीबरोबर बागाईत करणारे ते माळी, आणि दोन्ही करून शेळ्यामेंढ्यांचे कळप बाळगणारे ते धनगर. मी त्याचा अर्थ असा लावतो की विहिरीला पाणी लागलं आणि कुणब्याचा माळी झाला. जोतीरावांचं स्वतःचं घराणं कटगुणचं, मूळ आडनाव गोऱ्हे. पुण्यात पेशव्यांकडे फुलं पुरवली म्हणून फुले झाले. धंद्याचं ते नाव त्यांनी आयुष्यभर लावलं, गोऱ्ह्यांकडे परत गेले नाहीत.

तू म्हणशील, मास्तर, तुम्हाला हे सोपं आहे. नाही गं. तुझ्या वयानंतर माझी सात वर्षं याच वेडात गेली. राजस्थानातले माळी स्वतःला सैनिक क्षत्रिय म्हणवू लागले, उत्तरेत कितीतरी जणांनी सैनी नाव घेतलं, मग आपणच का मागे, असं मलाही वाटायचं. वंशावळी राखणाऱ्या भाटांच्या वह्या उतरवून काढल्या. तेव्हा आजोबा जिवंत होते. त्यांनी उभी हयात मोट हाकली होती. विहीर किती परस खोल होती, कोणी खणली, भावाभावांत पाण्याच्या पाळ्या कशा वाटल्या, रात्री पिकाला पाण्याची दारं कोण धरायचं, यातलं काहीही मी विचारलं नाही. ते ओसरीवर बसलेले असत आणि मी त्यांना विचारायचो, आपलं गोत्र कोणतं? ते म्हणायचे, ‘तुझ्या आज्जीला विचार.’ पुढे ती विहीर बुजवली, आता तिथे दुकानाचे गाळे आहेत.

म्हणून चिडतो मी. पुन्हा सांगतो, आधी पाणी विचार.

अरणच्या संत सावता माळी महाराजांचं बघ. 1250 ते 1295, जेमतेम पंचेचाळीस वर्षांचं आयुष्य. मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत, असं सांगतात. त्यांच्या अभंगांत मोट, नाडा, विहीर हीच पंढरी होते आणि कांदा-मुळा विठाबाई. आजही विठ्ठलाची पालखी अरणला भेटीला येते. ज्याच्या भेटीला देव येतो त्याच्या जातीला वंशावळ कशाला लागते?

आणि सासवडची माणसं. नीरा, गोदावरी, प्रवरेचे कालवे आले तसे हे लोक बिऱ्हाड पाठीवर घेऊन पाण्यामागे गेले, परमुलखात खंडाने जमिनी केल्या, ऊस लावला. 1932 मध्ये अकलूजजवळ स्वतःचा साखर कारखाना उभा केला आणि त्याच्या नावातच ‘माळी’ घातलं: सासवड माळी शुगर फॅक्टरी. गावाचं नाव माळीनगर. मैत्रिणीला हे सांग, आवाज न चढवता.

समाजाच्या एका बैठकीत वंशावळ छापायचा ठराव आला तेव्हा मी सही केली नाही. मोठा भाऊ त्या दिवसापासून बोलत नाही. लोक म्हणाले, मास्तरला जातीचा अभिमान नाही. मला होता, आहे. वंशावळीचा खर्च विहिरींची नोंद करायला द्या, एवढंच मी म्हणालो होतो. आजही तेच म्हणेन.

तुझ्या आजीचं वय झालंय. दिवाळीला घरी जाशील तेव्हा तिच्याजवळ बस. कोणत्या विहिरीवर किती मोटा चालायच्या, बी कोण राखायचं, बाजार कोणत्या गावचा, डोक्यावर पाटी घेऊन ती किती कोस चालायची, ते विचार. गोत्राचं काढू नकोस. ती बोलेल तसं, तिच्याच शब्दांत उतरव आणि मला पाठव. फोनवर सांगू नकोस, लिहून पाठव.

तुझा,
मास्तर