कोरी जागा कोरीच राहू दे

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. कोरोनामुळे आपल्या आरोग्य सर्वेक्षणाची ही फेरी फोनवर करावी लागतेय, पण यादीतली जवळजवळ निम्मी घरं फोन उचलत नाहीत आणि वरून 'फॉर्म पूर्ण करा' असा तगादा आहे, म्हणतेस. तगाद्याचं मी बघते. तू एवढंच सांभाळ, की न मिळालेलं उत्तर मागच्या फेरीवरून अंदाजाने भरायचं नाही.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ मध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या सहकाऱ्यांनी गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. बाळं सरासरी २.७ किलोची, हातपाय बारीक, पण वजनाच्या मानाने अंगात चरबी जास्त. याचा पुढच्या मधुमेहाशी काय संबंध, हे शोधायला तीच मुलं सहाव्या, बाराव्या, अठराव्या वर्षी पुन्हा भेटावी लागली. एवढी वर्षं लोक दार उघडत राहिले म्हणूनच ते जमलं. आपलंही काम तसंच आहे. या महिन्याच्या आकड्यापायी एखादं घर दुखावलं, तर पुढच्या साऱ्या फेऱ्या गेल्या.

आणि फोन कोण उचलत नाही, हा योगायोग नसतो. जिथे बेडसाठी धावाधाव चालू आहे, जिथे कमावत्याचं काम सुटलं आणि रिचार्जला पैसे नाहीत, तीच घरं आधी गळतात. उरलेल्यांवर हिशेब केला, तर गाव ठणठणीत दिसेल! म्हणून कारण लिही: फोन बंद, उचलला नाही, घरात आजारी, घरात मृत्यू, नकार. 'आत्ता नको, ताई' म्हणजे नकार नव्हे.

फोन बहुतेक घरांत पुरुषाचा. सुनेच्या हातात आला तरी स्पीकर चालू असतो. तिला आधी विचार, "तुम्हाला आत्ता मोकळं बोलता येईल का?" मारहाणीचे प्रश्न फोनवर अजिबात विचारायचे नाहीत, तो भाग गाळायचा, असं मी संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीला कळवलं आहे. वजन विचारलंस तर लोक सांगतात, पण ते सांगितलेलं वजन. काट्यावरच्या वजनाच्या रकान्यात ते टाकू नकोस.

सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'ची पथकं कोरोनाच्या तपासणीसाठी घरोघरी फिरली, तेव्हापासून सर्व्हे म्हटलं की काहींना वाटतं, आता उचलून क्वारंटाइनला नेणार. आपण कोण, हे पहिल्याच वाक्यात सांग.

तारखा कुणालाच आठवत नाहीत. या वर्षात तर सगळेच दिवस सारखे. खुणा धरून विचार. लॉकडाऊनचा पहिला दिवस गुढीपाडव्याचा होता, २५ मार्च २०२०. त्याआधी थाळ्या वाजवल्या, नंतर एप्रिलमध्ये दिवे लावले, आषाढीला माउलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. "ताप त्याच्या आधी आला की नंतर?" एवढ्यावर महिना सापडतो.

मुंबईहून परतलेली माणसं मोजायची का, असं विचारलंस. एका चुलीवर जेवतात तर नाव घे, पण कधीपासून राहतात ते शेजारी लिही. त्यातली निम्मी पुन्हा जातील.

मृत्यू झालेल्या घरी तेराव्याच्या आधी फोन नको. नंतरही पहिल्या फोनला फक्त चौकशी. अनेकांना शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. त्यांना थोडं बोलू दे, फॉर्म थांबेल. घरचे 'न्यूमोनिया' म्हणाले तर तसंच लिही, वाद घालू नकोस. ताप किती दिवस, धाप कधी लागली, कुठे नेलं, हे क्रमाने घे. मृत्यूचं कारण ठरवायला डॉक्टर आहेत.

शनिवारपर्यंत न लागलेल्या नंबरांची यादी कारणांसकट पाठव. लग्न होऊन गेलेल्या मुलींचे सासरचे नंबर आशाताईंकडे मिळतील. सकाळी त्या लसीकरणात असतात, तेव्हा दुपारनंतरच फोन कर.

तुझी,
मॅडम