चेहरा तेलकट आहे, मळका नाही

ऑक्टोबर हीट सुरू झाली की आमच्या ओपीडीत मुरमांची रांग लागते, आणि या सदराकडेही तेच प्रश्न येतात. एकसारखे प्रश्न एकत्र करून यावेळी सहा निवडले आहेत.

प्रश्न : मी 19 वर्षांचा आहे. डोंबिवलीहून लोकलने कॉलेजला जातो. घरी येईपर्यंत चेहऱ्यावर तेलाचा थर असतो. दिवसातून पाच-सहा वेळा साबणाने तोंड धुतो, तरी तासाभरात पुन्हा तेच. कपाळावर आणि गालांवर पुळ्या आहेत. नक्की काय लावू?

आधी काय बंद करायचं ते सांगतो. साबण. तोंडावरचं तेल बाहेरून आलेली धूळ नाही. ते त्वचेतल्या ग्रंथींमधून येतं आणि त्या ग्रंथी शरीरातल्या अँड्रोजेन हार्मोन्सचं ऐकतात. तू वरून किती घासलंस याचा त्यांना पत्ताच नसतो. नुकसान मात्र होतं. त्वचेचा पीएच, म्हणजे आम्लता मोजायचं माप (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त), साधारण पाचच्या आसपास, अंगाच्या साबणाचा नऊ-दहा. सहा-सहा वेळा धुऊन चेहरा ओढल्यासारखा होतो, चुरचुरतो, आणि मग जे औषध खरंच उपयोगाचं आहे तेच सहन होत नाही.

मुरूम येतं ते असं : रोमछिद्राच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बूच बसतं, आत तेल तुंबतं, त्यात नेहमीचेच जिवाणू वाढतात आणि सूज येते. आज आरशात दिसलेल्या पुळीचं बूच कित्येक आठवडे आधी बसलेलं असतं. त्यामुळे औषध पुळीवर टिपक्यासारखं लावून भागत नाही. पुळ्या जिथे जिथे येतात त्या सगळ्या भागावर ते पातळ लावायचं, आणि फरक पडला का हे आठ ते बारा आठवड्यांनी बघायचं. दहा दिवसांत क्रीम बदलणारी मुलं माझ्याकडे पिशवीभर नळ्या घेऊन येतात. त्यातली निम्मी औषधं बरोबर असतात, फक्त एकाही औषधाला वेळ मिळालेला नसतो.

तुझ्यापुरतं सांगायचं तर सकाळी सौम्य फेसवॉश, जेलसारखं हलकं मॉइश्चरायझर आणि एसपीएफ 30 किंवा त्याहून जास्त असलेलं जेल सनस्क्रीन. सनस्क्रीन तर्जनी आणि मधल्या बोटावर लांबीभर पिळलं की चेहरा आणि मानेला पुरतं. रात्री पुन्हा फेसवॉश, चेहरा कोरडा झाल्यावर 2.5 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड, पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. 10 टक्क्यांचं घेऊ नकोस. पुळ्यांवर गुण जवळपास तेवढाच येतो, जळजळ मात्र जास्त होते. आणि रंगीत टॉवेल, उशीचे अभ्रे सांभाळ, या औषधाने कापडाचा रंग उडतो. घरच्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. दुपारी फारच तेलकट वाटलं तर साध्या पाण्याचा हबका मार किंवा टिपकागदाने टिपून घे.

तेलकट चेहऱ्याला मॉइश्चरायझर कशाला, असं तू विचारणारच. तेल आणि ओलावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुरमांच्या औषधाने ओलावा जातो, तो भरून काढावा लागतो.

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. कपाळावर, केसांच्या रेषेलगत बारीक दाणे आलेत. सासूबाई आठवड्यातून तीनदा रात्री खोबरेल तेलाने चंपी करून तिची वेणी घालतात. त्यांना दुखवायचं नाही. तेलामुळेच होतं का हे? (सांगली)

बहुधा हो. केसांचं तेल रात्रभर कपाळावर आणि उशीवर उतरतं, छिद्रं बुजतात. पण आजींना दुखवायची काही गरज नाही, फक्त वेळ बदला. रविवारी सकाळी चंपी, तासाभराने शाम्पू, कपाळ फेसवॉशने स्वच्छ. रात्री तेल नाही. आठवड्यातून दोनदा उशीचा अभ्रा बदला.

एक गोष्ट मात्र नीट पाहा. दाणे सगळे एकाच आकाराचे असतील, खाजत असतील, घाम आला की वाढत असतील, छाती-पाठीवरही असतील, तर ती मुरमं नसून मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टचा, म्हणजे एका बुरशीचा, त्रास असू शकतो. तेलावर ही यीस्ट पोसते. मुरमांसाठीच्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी ती आणखी वाढते, तिला बुरशीचं औषध लागतं. तेव्हा महिन्याभरात फरक पडला नाही तर मनाने गोळ्या सुरू न करता दाखवून घ्या.

प्रश्न : पार्लरमधल्या ताईंनी सुचवलेली क्रीम मेडिकलमधून आणून दीड वर्ष रोज लावते आहे. सुरुवातीला मुरमं गेली, रंगही उजळला, सगळे विचारायचे काय लावतेस. आता दोन दिवस लावली नाही तर चेहरा लालबुंद होतो, आग होते, पुळ्या उठतात. उन्हात उभं राहवत नाही. लावली की पुन्हा बरं वाटतं. (27, नागपूर)

या पत्रासाठी सदरातली सगळी जागा दिली असती. नळी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांपैकी नाव सापडलं तर तुम्ही दीड वर्ष चेहऱ्याला स्टेरॉइड लावताय. हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइन यांच्याबरोबर मोमेटासोन असलेलं मिश्रण तर घरोघरी 'गोरं करायची क्रीम' म्हणून पोचलं आहे. ते मुळात वांगासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, काही आठवड्यांपुरतं द्यायचं औषध आहे.

स्टेरॉइड सूज दाबतं, म्हणून पुळ्या बसल्या. रंगही तात्पुरता उजळतो. पण त्वचा पातळ होत जाते, खालच्या रक्तवाहिन्या दिसू लागतात, गालांवर लव वाढते, आणि थांबवलं की दबलेलं सगळं उफाळून वर येतं. बाई घाबरते, पुन्हा लावते. या चक्रात अडकलेल्या रुग्णांना आम्ही रोज बघतो, आणि त्यातल्या कोणीही मूर्ख नसते. क्रीमने पहिल्या महिन्यात दिलेला निकालच इतका देखणा असतो की संशय यावा कसा? 2018 मध्ये सरकारने स्टेरॉइडच्या अनेक मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीची सक्ती केली. काउंटरवर काय चालतं ते तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे.

दीड वर्षानंतर ती मनाने एकदम बंद करू नका आणि नवी नळीही आणू नका. या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, ती नळी सोबत न्या. ताकद कमी करत आणायची की थेट थांबवून दुसरं औषध द्यायचं, हे चेहरा बघूनच ठरतं. तोवर फक्त सौम्य क्लेन्झर, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर, झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन आणि आग झाली की गार पाण्याची पट्टी. फेशियल, ब्लीच, स्क्रब सगळं बंद. पहिले काही आठवडे चेहरा आजच्यापेक्षा वाईट दिसेल. घरच्यांना हे आधी सांगा, नाहीतर 'आधीचीच क्रीम बरी होती' हे ऐकून तुमचा धीर सुटेल. पूर्ववत व्हायला काही महिने लागतात.

प्रश्न : डॉक्टरांनी मुरमांसाठी ॲडापलीन जेल दिलं. तीन आठवडे झाले, पुळ्या वाढल्यात आणि तोंडाभोवती सालं निघतायत. बंद करू? (पुणे)

सालं निघतायत म्हणजे बहुतेक जास्त लावताय. पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं पुरतं. नाकाचे कोपरे, ओठांच्या कडा आणि पापण्या सोडा. धुतल्यावर चेहरा पूर्ण कोरडा होऊ द्या, आधी मॉइश्चरायझर, मग जेल, तेही आठवड्यातून तीनच रात्री. त्वचा सरावली की रात्रींची संख्या वाढवा. सुरुवातीला आत दडलेल्या पुळ्या वर येऊ शकतात, त्यासाठी औषध सोडू नका. पण चेहरा सुजला, सतत आग होत राहिली, तर थांबवून डॉक्टरांना फोन करा.

प्रश्न : वय 31. शाळेत असताना मुरमं नव्हती, आता हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेला दुखणाऱ्या गाठी येतात. पाळी दोन-दोन महिने येत नाही. बाळाचा विचार चालू आहे. कोणतं सीरम घ्यावं? (मडगाव)

सीरम राहू द्या, आधी तपासण्या. या वयात जबड्याच्या कडेची मुरमं आणि अनियमित पाळी एकत्र असली की पीसीओएस (अंडाशयांशी निगडित हार्मोन्सचा बिघाड) आहे का ते बघावं लागतं. हनुवटीवर राठ केस येत असतील तर तेही सांगा. स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा.

बाळाचा विचार आहे हे प्रत्येक डॉक्टरला पहिल्या वाक्यात सांगा, कारण त्यावर औषधं बदलतात. मुरमांसाठी दिल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनोइनच्या गोळ्या गर्भाला गंभीर अपाय करतात, त्या चालू असताना आणि थांबवल्यावर किमान महिनाभर गरोदर राहायचं नसतं. मैत्रिणीच्या उरलेल्या गोळ्या तर अजिबात नकोत. चेहऱ्याला लावायची ट्रेटिनोइन, ॲडापलीनही आम्ही या काळात टाळतो. ॲझेलेइक ॲसिड चालतं, आणि त्याने पुळीनंतरचे काळे डागही हळूहळू फिके होतात. सावळ्या त्वचेला पुळीपेक्षा डागच जास्त दिवस छळतो.

प्रश्न : पुळीवर टूथपेस्ट, डागावर लिंबू लावलं तर चालेल ना?

नाही. टूथपेस्टने पुळी सुकल्यासारखी वाटते, भोवतीची त्वचा भाजते. लिंबाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास असतो, आणि तो लावून उन्हात गेलात तर फोड येऊ शकतात. त्या फोडांचे डाग मूळ डागापेक्षा गडद असतात आणि महिनोन्महिने जात नाहीत.