शंका-समाधान : सर्व्हरचा स्टोरेज ड्रायव्हर काढून परत टाकताना

या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी पाच एकाच दुखण्याचे निघाले, म्हणून ते एकत्र घेतले आहेत. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची.

प्रश्न : विंडोज सर्व्हर २०१९ वर आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर चालतं. दिवसातून तीन-चार वेळा सगळं अर्धा मिनिट लटकतं आणि आपोआप सुटतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १२९ क्रमांकाची नोंद दिसते. सर्व्हिसवाला म्हणतो, रेड कार्डाचा (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाचा) ड्रायव्हर काढून परत टाकू. टाकावा का? (मच्छीमार सोसायटी, रत्नागिरी)

टाका, पण सगळ्यात शेवटी. १२९ चा अर्थ एवढाच, की विंडोजनं डिस्ककडे काही मागितलं, ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही, म्हणून कार्डाला रीसेट पाठवला. उत्तर का आलं नाही, हे ती नोंद सांगत नाही. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यातलं सॉफ्टवेअर, हा निरोप्या आहे; निरोप पोचला नाही म्हणून निरोप्यालाच बदलायचं की वाट तपासायची, हे आधी ठरवा.

सिस्टिम लॉगला फिल्टर लावून ७, ११, ५१, १२९ आणि १५३ हे पाच क्रमांक एकत्र बघा आणि त्यांच्या वेळा कागदावर उतरवा. ७ म्हणजे डिस्कवर खराब ब्लॉक सापडला, ११ म्हणजे कंट्रोलरची चूक, ५१ म्हणजे पेजिंग चालू असताना अडचण, १५३ म्हणजे वाचणं-लिहिणं पुन्हा करून बघावं लागलं. ७ आणि १५३ एकाच डिस्कच्या नावावर पडत असतील तर ती डिस्क किंवा तिचा खण बघा, ड्रायव्हरला हात लावू नका. सगळ्या डिस्कांवर तक्रार असेल तर संशय कार्ड, केबल, फर्मवेअर (कार्डाच्या आतलं सॉफ्टवेअर) किंवा ड्रायव्हरवर जातो. आणि वेळा जर लाईट जाऊन जनरेटर लागण्याच्या वेळांशी जुळत असतील, तर आधी यूपीएस तपासून घ्या.

बंदराजवळच्या खोलीत आणखी एक गोष्ट बघावीच लागते. खारा वारा आणि जून ते सप्टेंबरची ओल मिळून कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढवतात. कार्ड काढून उजेडात धरा : पट्ट्या मळकट तपकिरी दिसतात, जिथं सोन्याचा मुलामा गेला आहे तिथं मुळाशी हिरवट पूड दिसते. सर्व्हर बंद करा, दोन्ही पॉवर केबल काढा, पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून उरलेला करंट जाऊ द्या, हाताला अँटिस्टॅटिक पट्टा बांधा. कोणती केबल कुठल्या पोर्टात आहे याचा फोटो काढा. मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं कापड, आणि एका दिशेनं पुसणं. खोडरबर घासू नका; त्यानं थर जातो तसा मुलामाही जातो. पूर्ण सुकल्यावर कार्ड आणि केबली खटका ऐकू येईपर्यंत परत बसवा आणि आठवडाभर नोंदी मोजा. थांबल्या, तर ड्रायव्हर निर्दोष होता.

तसं झालं नाही, आणि नोंदी विंडोज अपडेटनंतर किंवा ड्रायव्हर बदलल्यानंतरच सुरू झालेल्या असतील, तर मात्र ड्रायव्हरकडे वळा. सर्व्हर अधूनमधून न लटकता कायमचाच मंद झाला असेल, तर गोष्ट वेगळी. रेड कार्डाची बॅटरी गेली की कार्ड राइट-बॅक (लिहायचं ते आधी कार्डाच्या मेमरीत ठेवणं) सोडून राइट-थ्रूवर (प्रत्येक गोष्ट थेट डिस्कवर लिहिणं) येतं, आणि दहा वेळा ड्रायव्हर टाकूनही वेग येत नाही. बॅटरीची अवस्था कार्डाच्या मॅनेजमेंट सॉफ्टवेअरमध्ये दिसते.

प्रश्न : कार्डाच्या कंपनीचा नवा ड्रायव्हर उतरवून घेतला. डिव्हाइस मॅनेजरमधून जुना अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट केलं, तर जुनाच परत येऊन बसला. तीनदा करून झालं. चुकतंय कुठं? (पतसंस्था, कुडाळ)

तुम्ही काढलं ते फक्त डिव्हाइस. ड्रायव्हरचं पॅकेज ड्रायव्हर स्टोअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या ड्रायव्हर साठवण्याच्या जागेत, तसंच राहिलं. रीस्टार्टनंतर विंडोजला कार्ड दिसलं, स्टोअरमध्ये जुळणारं पॅकेज दिसलं, ते तिनं बसवलं. अनइन्स्टॉल करताना एक चौकट येते, 'या डिव्हाइसचा ड्रायव्हर काढून टाका' अशा अर्थाची. ती तुम्ही रिकामी ठेवलीत, आणि एका अर्थी बरंच झालं. ज्या कार्डावर सी ड्राइव्ह आहे त्याच्यासाठी त्या चौकटीत टिक केली असती आणि विंडोजपाशी दुसरा जुळणारा ड्रायव्हर नसता, तर पुढच्या बूटला निळा पडदा आला असता.

म्हणून पहिलं काम : सी ड्राइव्ह कशावर टांगलेला आहे ते बघणं. डिव्हाइस मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेन्यूत 'डिव्हाइसेस बाय कनेक्शन' निवडा आणि फांद्या उघडत जा. कुठल्या कार्डाखाली कुठली डिस्क आहे ते सरळ दिसतं. मग त्या कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डिटेल्स', त्यात 'हार्डवेअर आयडीज'. 'व्हेन' आणि 'डेव्ह' यांच्यापुढची प्रत्येकी चार अक्षरं लिहून ठेवा. 'व्हेन'पुढे १००० म्हणजे पूर्वीची एलएसआय, आता ब्रॉडकॉम; ८०८६ म्हणजे इंटेल. सर्व्हरच्या डब्यावर तिसऱ्याच कंपनीचं नाव असलं तरी चिप पुष्कळदा यातल्या एखाद्याची असते. नव्या ड्रायव्हरच्या आयएनएफ फाइलमध्ये (ड्रायव्हर कसा बसवायचा ते विंडोजला सांगणारी फाइल), नोटपॅडनं उघडून, हीच अक्षरं सापडली पाहिजेत. नाही सापडली, तर तो ड्रायव्हर तुमच्या कार्डाचा नाही.

आता बॅकअप. डेस्कटॉपवरचं सिस्टिम रिस्टोअर विंडोज सर्व्हरमध्ये नसतं, तेव्हा 'बिघडलं तर मागं नेऊ' या भरवशावर राहू नका. विंडोज सर्व्हर बॅकअपनं पूर्ण सर्व्हरचा बॅकअप घ्या, आणि तो याच कार्डावरच्या डिस्कवर ठेवू नका; बाहेरची यूएसबी डिस्क लावा. चालू ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर काढा. सर्व्हर २०१६ आणि पुढच्यांवर : पीएनपीयूटिल /एक्स्पोर्ट-ड्रायव्हर * एफ:\जुने (हा फोल्डर आधी तयार करून ठेवा). पीएनपीयूटिल /एन्यूम-ड्रायव्हर्स दिलं की बाहेरून आलेल्या प्रत्येक पॅकेजचं नाव, ओईएम१२.आयएनएफ अशा धर्तीचं, आवृत्ती आणि तारखेसकट दिसतं. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की छापून हाताशी ठेवा. ड्रायव्हरसोबत फर्मवेअरही बदलणार असाल तर बिटलॉकर आधी सस्पेंड करा. रेडमधली एखादी डिस्क रीबिल्ड होत असेल (तिच्यावर डेटा परत भरला जात असेल) तर ती पूर्ण होईपर्यंत थांबा.

सी ड्राइव्ह ज्या कार्डावर आहे तिथं जुना न काढता नवा वरून टाकावा, असं आमचं ठाम मत आहे. डेटाबेसच्या सर्व्हिस बंद करा. कंपनीची फाइल उलगडून आयएनएफ बाहेर काढा. झिपच्या आतूनच ड्रायव्हर दाखवायला गेलात तर तो सापडत नाही. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर उजवं क्लिक, 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राउझ', 'लेट मी पिक', 'हॅव डिस्क', आणि ती आयएनएफ. 'हॅव डिस्क'चाच रस्ता घ्यायचा, कारण विंडोज एरवी तारीख-आवृत्ती बघून स्वतः निवड करते, आणि तुम्हाला मुद्दाम जुनी आवृत्ती टाकायची असेल तर 'सगळ्यात चांगला ड्रायव्हर आधीच बसलेला आहे' असं सांगून मोकळी होते. रीस्टार्ट करा. जुनं पॅकेज स्टोअरमध्ये राहू द्या, अडीअडचणीला 'रोल बॅक ड्रायव्हर' चालतं. आठवडाभर लॉग कोरा राहिला की पीएनपीयूटिल /डिलीट-ड्रायव्हर ओईएम१२.आयएनएफ. यात /फोर्स लिहू नका. पॅकेज वापरात असेल तर कमांडच नकार देते, आणि तो नकार हवाच असतो.

कार्डावर फक्त डेटा असेल तर पूर्ण काढायला हरकत नाही. डिस्क मॅनेजमेंटमधून त्या डिस्क ऑफलाइन करा, चौकटीत टिक करून अनइन्स्टॉल करा, 'स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस' द्या. आणखी जुनं पॅकेज वर आलं तर तेही तसंच काढा. वर्षानुवर्षं चाललेल्या सर्व्हरवर अशी दोन-तीन थरांची रास असते. मग पीएनपीयूटिल /ॲड-ड्रायव्हर, आयएनएफचा पत्ता, /इन्स्टॉल, आणि रीस्टार्ट. काही अडलं तर विंडोज फोल्डरातल्या आयएनएफ फोल्डरात 'सेटअपएपीआय.डेव्ह.लॉग' उघडा आणि तीन उद्गारचिन्हं शोधा. चूक त्या ओळीवर लिहिलेली असते.

दिवस निवडताना एवढंच बघा, की कार्ड गेलंच तर दुसरं कोल्हापूर किंवा मुंबईहून यायचं आहे. घाटात दरड कोसळायच्या दिवसांत किंवा गणपतीच्या आदल्या आठवड्यात हे काम काढू नये.

प्रश्न : ड्रायव्हर नीट बसला, पण 'माय कॉम्प्युटर'मधून डी आणि ई ड्राइव्ह गायब आहेत. डिस्क मॅनेजमेंट 'इनिशियलाइज' करायला सांगतंय. करू का? (रुग्णालय, चिपळूण)

नाही. ती खिडकी रद्द करा. नवा ड्रायव्हर बसल्यावर डिस्क नव्यानं ओळखल्यासारख्या येतात आणि सर्व्हरच्या सॅन पॉलिसीमुळे (नव्या डिस्क आपोआप ऑनलाइन घ्यायच्या की नाही हे ठरवणारी सेटिंग) ऑफलाइन राहू शकतात. डिस्कच्या डाव्या चौकटीवर उजवं क्लिक करून 'ऑनलाइन' करा. फक्त वाचता येत असेल, तर डिस्कपार्टमध्ये लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क १ (तुमचा जो क्रमांक असेल तो, आकारमान पडताळून), ॲट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली, ऑनलाइन डिस्क. 'फॉरिन' असं लिहून आलं तर ती डायनॅमिक डिस्क आहे, 'इम्पोर्ट फॉरिन डिस्क्स' द्या. ऑनलाइन करूनही 'इनिशियलाइज'चाच हट्ट चालू राहिला, तर कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये ॲरे (रेडनं एकत्र बांधलेला डिस्कांचा गट) पूर्ण दिसते का ते बघा. तीच अर्धवट असेल तर विंडोजमधलं कुठलंही बटण दाबून उपयोग नाही.

प्रश्न : वादळी पावसात दोन दिवस लाईट नव्हती. आल्यावर सर्व्हर चालू केला तर निळा पडदा, 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस'. ड्रायव्हर उडाला म्हणायचा का? (महाविद्यालय, दापोली)

ड्रायव्हर आपोआप सहसा उडत नाही. आधी बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन घड्याळ बघा. तारीख कितीतरी वर्षं मागची असेल, तर मदरबोर्डवरची सीआर २०३२ बटण-बॅटरी संपलेली आहे. वीज असेपर्यंत ते कळत नाही. दोन दिवस वीज गेली की बायॉस आपल्या सेटिंग विसरून मूळ पदावर येतो, आणि साटाचा (डिस्क जोडायच्या पोर्टांचा) मोड 'रेड'वरून 'एएचसीआय'वर (प्रत्येक डिस्क सुटी चालवण्याच्या मोडवर) जातो. विंडोज रेडच्या ड्रायव्हरनं सुरू व्हायला बघते, समोर दुसरंच काही उभं असतं, आणि निळा पडदा येतो. तीन व्होल्टची नवी बॅटरी बसवा, मोड परत 'रेड' करा, तारीख लावा. तोवर डिस्क सुट्या दिसत असल्या तरी रेडच्या मेन्यूत नवी ॲरे बनवू नका. एएचसीआयमध्ये ठेवून ड्रायव्हरशी खटपटही करू नका : मिररमधल्या एकाच डिस्कवरून विंडोज चालू झालीच, तर दोन प्रतींचा मेळ तुटतो. हे सगळं मदरबोर्डवरच्या रेडबद्दल. वेगळं कार्ड असेल तर साटा मोडचा त्याच्याशी संबंध नाही.

बायॉस ठीक असूनही पडदा येत असेल, तर त्याच आवृत्तीच्या विंडोज सर्व्हरच्या पेन ड्राइव्हवरून बूट करा आणि पहिल्याच पडद्यावर शिफ्ट-एफ१० दाबा. कमांडची काळी खिडकी उघडेल. पहिलं, ड्रव्हलोड एफ:\रेड\ आणि आयएनएफचं नाव; यानंतर डिस्क दिसायला लागतात. इथंच बरेच जण 'झालं' म्हणून रीस्टार्ट करतात आणि पुन्हा निळ्या पडद्यावर येतात, कारण ड्रव्हलोड फक्त त्या चालू सत्रापुरता असतो. खऱ्या विंडोजमध्ये ड्रायव्हर घालायला डिझम लागतं : डिझम /इमेज:डी:\ /ॲड-ड्रायव्हर /ड्रायव्हर:एफ:\रेड /रिकर्स. इथलं 'डी' गृहीत धरू नका. पेन ड्राइव्हवरून बूट केल्यावर अक्षरं बदलतात, तेव्हा एकेका अक्षराला 'डीआयआर' देऊन विंडोज फोल्डर कुठं आहे ते शोधा. लाईट जाताना अपडेट अर्धवट राहिलं असल्याचा संशय असेल, तर त्याच इमेजवर (म्हणजे त्याच विंडोजवर) डिझमला /क्लीनअप-इमेज /रिव्हर्टपेंडिंगॲक्शन्स द्यावं. त्याला वेळ लागतो, मध्येच बंद करू नका.

प्रश्न : साध्या डेस्कटॉप बोर्डवर सर्व्हर २०१९ टाकला आहे. बोर्डाच्या कंपनीकडे साटाचा ड्रायव्हर फक्त विंडोज १० चा आहे. चालेल का? (काजू कारखाना, वेंगुर्ला)

सर्व्हर २०१९ आणि विंडोज १० ची १८०९ आवृत्ती एकाच बिल्डच्या, १७७६३ च्या. त्यामुळे पुष्कळदा चालतो. मात्र काही आयएनएफ फाइलींत हा ड्रायव्हर वर्कस्टेशनसाठीच असल्याची अट असते आणि सर्व्हरवर त्या बसत नाहीत. मुळात तुम्ही रेड वापरत नसाल तर काहीच टाकू नका. साटा आणि एनव्हीएमई डिस्कांसाठी विंडोजचेच ड्रायव्हर पुरतात. कुणी आयएनएफमधली ती अट नोटपॅडनं खोडून देतो म्हणाला, तर देऊ नका. फाइल बदलली की तिची डिजिटल सही जुळत नाही आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ५२ येतो. त्यावर एफ७ नं सही-तपासणी बंद करून बूट करता येतं, पण ती सूट त्या एका बूटपुरतीच. रात्री लाईट जाऊन सर्व्हर आपोआप सुरू झाला, की सकाळी ड्राइव्ह नाहीत.