प्लास्टरशिवायची सुट्टी

माझ्या समुपदेशनाच्या खोलीत जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुलांचे आईबाबा समोर बसले की पहिल्या पंधरा मिनिटांत एक प्रश्न येतोच. शब्द बदलतात, काळजी तीच. ‘सुट्टी द्यायची तर किती द्यायची? जास्त झाली तर मागे पडेल ना?’ म्हणून एका मुलीची गोष्ट सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत आणि सात-आठ महिन्यांच्या भेटी चार-पाच संवादांत आवळल्या आहेत.

मुलगी 12 वर्षांची. आठवड्याचे सहा दिवस सराव, मिळून 22 तास. तक्रार उजव्या मनगटाची. स्पर्धा जवळ आली की दुखणं वाढायचं आणि तपासण्यांत काही सापडत नव्हतं. हाडांच्या डॉक्टरांनीच तिला माझ्याकडे पाठवलं होतं. हा क्रम महत्त्वाचा आहे. जिम्नॅस्टिक्सच्या मुलाचं मनगट दुखतंय म्हटल्यावर आधी डॉक्टर, समुपदेशक नंतर. हँडस्टँड, व्हॉल्ट, फ्लोअरवरच्या उड्या यांत अंगाचा सगळा भार हातांवर येतो, आणि या वयात मनगटाच्या हाडाचं टोक अजून वाढत असतं. तिथली कूर्चा ताणाला कच्ची असते. टाच आणि गुडघ्याखालचा भाग यांचंही तसंच, आणि सारखं मागे वाकून कमरेच्या मणक्यांवर ताण येतो तो वेगळाच. दुर्लक्ष झालं तर हाडाच्या वाढीवरही परिणाम होऊ शकतो. हे सगळं तपासून झालं होतं.

पहिल्या भेटीत आईच बोलली. मुलगी तळहातावरचे घट्टे नखाने उकरत बसली होती.

“तुम्ही एक आकडा सांगा मॅडम, म्हणजे सरांशी बोलता येईल.”

मी आकडे दिले. चुकले ते तिथे, पण आकडे खोटे नव्हते, तेव्हा तेही सांगते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना मुलांना आठवड्यात एक ते दोन दिवस त्या खेळातून पूर्ण मोकळे द्या म्हणते. 2016 च्या त्यांच्या अहवालात वर्षभरात एकूण तीन महिने, एकेक महिन्याच्या तुकड्यांत, खेळापासून दूर राहायला सांगितलं आहे. तिथल्याच अ‍ॅथलेटिक ट्रेनर्सच्या, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती हाताळणाऱ्यांच्या, राष्ट्रीय संघटनेने 2019 मध्ये आणखी सोपा हिशेब दिला: जितकं वय, त्याहून जास्त तास आठवड्याला नकोत. या हिशेबाने आमच्या मुलीचे दहा तास जास्त होत होते.

आता स्पष्टच बोलायचं तर स्पर्धेच्या जिम्नॅस्टिक्समध्ये हे आकडे क्वचितच पाळले जातात. हा खेळच लवकर सुरू होतो, अवघड गोष्टी लहान वयात शिकाव्या लागतात. प्रशिक्षकांकडे वर्षातले तीन महिने मागितले तर बोलणंच खुंटतं. म्हणून मी अशी एक रेघ ठरवली आहे जिच्या खाली जायचं नाही. आठवड्याला एक पूर्ण दिवस, जमलं तर दोन. स्पर्धांचा हंगाम संपला की सलग दोन-तीन आठवडे. शिवाय वर्षातून आणखी एक-दोनदा आठवडाभर. ही रेघ कुठल्या अहवालातली नाही, माझ्या अनुभवातली आहे.

आणि मागे पडण्याचं म्हणाल, तर दोन-तीन आठवड्यांत ताकद फारशी जात नाही. दम थोडा कमी होतो, घट्टे मऊ पडतात, उडीत आपण हवेत कुठे आहोत याचा अंदाज सुरुवातीला किंचित चुकतो. जे जातं ते परत येतं.

तर, रविवार मोकळा ठेवायचं ठरलं. पंधरा दिवसांनी मी मुलीला विचारलं, “रविवारी काय केलंस?”

“सुट्टी होती.”

“हो, पण केलंस काय?”

तिने बोटांवर मोजून दाखवलं. सकाळी तासभर स्प्लिट्स. मग बाबांबरोबर शनिवारच्या बीमचा, म्हणजे अरुंद तुळईवरच्या सरावाचा, व्हिडिओ, स्लो मोशनमध्ये. दुपारी झोप, कारण सोमवारी ताजंतवानं असायला हवं. संध्याकाळी वजन.

“जिमला तर नाही ना गेली,” आई म्हणाली. तिला खरंच वाटत होतं की आपण सांगितलेलं पाळलं. दोष माझाच. मी दिवस दिला होता. तो कुणाचा, हे विचारलंच नव्हतं.

नंतरच्या काही भेटी फारशा पुढे सरकल्या नाहीत. मग एकदा, दुसरं काही सुचेना म्हणून, मी विचारलं, “तुला आठवणारी सगळ्यात मस्त सुट्टी कुठली?”

मला वाटलं, एखादी सहल सांगेल. तिने बराच वेळ घेतला. घट्टे उकरणं थांबलं.

“हात मोडला होता तेव्हाची.”

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बारवरून पडली होती. “सहा आठवडे प्लास्टर होतं. बाबा व्हिडिओ दाखवायचे नाहीत. आई म्हणायची, झोप अजून. सरसुद्धा म्हणाले, काळजी घे. मी चित्रं काढली, डाव्या हाताने.” मग खाली बघत म्हणाली, “प्लास्टर काढायला गेलो तेव्हा मी रडले. सगळ्यांना वाटलं, मशीनच्या आवाजाला घाबरले.”

आईने मांडीवरच्या पर्सचा पट्टा घट्ट धरला. “मला कधी बोलली नाहीस.”

“तू रोज विचारायचीस, दुखतंय का. दुखत असलं की मी हो म्हणायचे.”

इतक्या वर्षांत समुपदेशनाच्या खोलीत मी बरंच काही ऐकलं आहे, तरी त्या वाक्यानंतर मला पेन खाली ठेवावं लागलं. मी मुलाकडे एकट्याकडे बघून काम करत नाही, त्याच्या भोवतालच्या माणसांचं जाळं बघते. ‘मुलीची समस्या’ म्हणून जे माझ्यासमोर आणलं जातं, ते बहुतेक वेळा घराने मिळून, नकळत, तयार केलेलं उत्तर असतं. इथे ते लख्ख दिसलं. त्या घरात रजा मंजूर व्हायला एकच चिठ्ठी चालत होती, दुखण्याची. मुलगी नाटक करत नव्हती, मनगट खरंच दुखायचं. पण ‘मला आज नको वाटतंय’ या वाक्याला घरात जागा नव्हती, आणि शरीराने ती जागा करून घेतली होती.

त्यानंतर काम भराभर झालं. आईने ‘दुखतंय का?’ हा प्रश्न महिनाभर पहिला विचारायचा नाही, असं ठरलं. (दुखणं मुलीने आपणहून सांगितलं तर लगेच ऐकायचं, हेही ठरलं. नाहीतर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जायचो.) बाबांचे व्हिडिओ जिमच्या दिवसांपुरते. हंगामानंतरच्या दोन आठवड्यांच्या तारखा मुलीने स्वतः कॅलेंडरवर लिहायच्या, तीन महिने आधी, मनगट दुखो न दुखो.

सरांकडे जायला आईबाबा घाबरत होते. त्यांच्या जिममध्ये म्हणे एक वाक्य नेहमी ऐकू येतं: एक दिवस चुकवलात तर तुम्हाला कळतं, दोन दिवस चुकवलेत तर प्रशिक्षकाला. प्रत्यक्षात सर समजूतदार निघाले. त्यांचा विरोध सुट्टीला नव्हता, आयत्या वेळच्या सुट्टीला होता. परतीचा आराखडा त्यांनीच दिला. पहिले तीन-चार दिवस फक्त मूळ गोष्टी आणि ताकदीचे व्यायाम, मऊ मॅटवर, कमी उंचीवर. बारवर थोडा वेळ, कारण मऊ पडलेला तळहात लगेच फाटतो. दुसऱ्या आठवड्यात निम्म्या फेऱ्या. पूर्ण रूटीन त्यानंतरच. दर तीन महिन्यांनी उंची मोजायचं त्यांनी आणखी सुचवलं. मूल झपाट्याने वाढत असलं की फिरकीचा अंदाज बिघडतो आणि इजा वाढतात, तेव्हा उड्यांची संख्या आपणच कमी करायची. समोरच्या माणसाला आपण किती गृहीत धरतो!

बाबांचा प्रश्न शेवटपर्यंत टिकला. “सिमोन बाइल्स अशी थांबली असती का?” अमेरिकेची ही ऑलिंपिक विजेती जिम्नॅस्ट थांबली होती. 2016 च्या रिओ ऑलिंपिकनंतर 2017 मध्ये ती एकाही स्पर्धेत उतरली नाही. टोकियोत हवेतला अंदाज हरवल्यावर सांघिक अंतिम फेरीतून बाहेर पडली, मग दोन वर्षं स्पर्धांपासून लांब राहिली, आणि 2024 मध्ये पॅरिसहून तीन सुवर्णपदकं घेऊन परतली. “तिची गोष्ट वेगळी,” बाबा म्हणाले. वेगळी आहेच. मोठ्या वयाची, सगळं मिळवलेली. पण थांबायचं कधी हे तिने ठरवलं होतं, एवढंच मला त्यांना दाखवायचं होतं.

सुट्टी कमी पडतेय हे ओळखायला माझ्याकडे एक घरगुती कसोटी आहे. क्लास रद्द झाल्याचा फोन येतो तेव्हा मुलाचा चेहरा बघा. एखाद्या वेळी आनंद होणारच, तो कुणाला होत नाही? पण दर वेळी खांदे सैल पडत असतील, जाताना रस्त्यात बोलणं बंद होत असेल, येत असलेली उडी अचानक अडत असेल, झोप बिघडली असेल, तर सुट्टीच्या तारखा अलीकडे ओढा. आणि सुट्टीनंतर जावंसंच वाटलं नाही तर? या प्रश्नाला आईबाबा तोंड फोडत नाहीत, मीच फोडते. एका मुलाला वाटलं नव्हतं. ती गोष्ट दोन आठवड्यांच्या सुट्टीने घडवली नव्हती, फक्त उघडी पाडली होती.

या मुलीच्या सुट्टीच्या अकराव्या दिवशी आईचा फोन आला. आवाज दबका.

“मॅडम, ती हॉलमध्ये हँडस्टँड करतेय. मी सांगितलं नव्हतं हं. चालेल?”

“मनगट?”

“काही बोलली नाही.”

“तुम्ही कुठे आहात?”

“दाराआडून बघतेय.”

“मग बघा.”

थोडा वेळ शांतता. मग आणखी हळू आवाजात, “पायाची बोटं ताणलेली नाहीयेत.”

“सांगू नका,” मी म्हटलं.