पेलेट स्टोव्ह (लाकडाच्या भुश्याच्या दाबलेल्या गोळ्या जाळून घर तापवणारी शेगडी) मध्येच विझतो, काच काळी होते. कंट्रोल बोर्ड बदलावा का?

बोर्ड बदलू नका. आधी राख काढा. आणि "आम्ही दर आठवड्याला राख काढतो" असं तुम्ही लिहिलंय ते वाचलंय मी, तरीही म्हणतेय. तुम्ही काढता ती समोर दिसणारी राख. स्टोव्ह बंद पाडते ती मागे साठलेली.

तुमचं सगळं वर्णन, म्हणजे स्टोव्ह नीट पेटतो, तासाभराने आपोआप विझतो, एका संध्याकाळीत काच काळीकुट्ट, टेक्निशियन म्हणतो बोर्ड गेलाय आणि घरचे म्हणतात भंगारात काढा नि हीट पंप (विजेवर घर गरम करणारं यंत्र) लावा, हे अक्षरशः आमच्या घरात झालंय म्हणून लिहायला बसले.

आम्ही अमेरिकेत दक्षिण न्यू हॅम्पशायरला राहतो. तळघरात ऑइलची फर्नेस आहे, पण हॉलमध्ये पेलेट स्टोव्ह आहे आणि हिवाळाभर घर ऊबदार ठेवतो तो तोच. एका फेब्रुवारीत, बाहेर उणे २० सेल्सियस, आणि हा पठ्ठ्या विझायला लागला. त्याआधी आठवडाभर मी बघत होते, जाळ बदलला होता. नीट चालणाऱ्या स्टोव्हचा जाळ आखूड, पिवळाधमक आणि तडतडता असतो, निखारे बर्न पॉटमध्ये, म्हणजे पेलेट जळतात त्या भोकांच्या भांड्यात, नाचत असतात. आमचा जाळ लांब, नारिंगी, टोकाला काळा आणि नुसता लोळत होता. मी तेव्हाच म्हटलं, ह्याला हवा मिळत नाहीये. सांगलीला आमच्याकडे तांब्याचा बंब होता, जाळीखाली राख तुंबली की असाच लोळायचा जाळ, आणि मग न्हाणीघरभर धूर.

टेक्निशियन आला, मीटर लावून बघितलं, बाजूचं पॅनल उघडलं आणि म्हणाला बोर्ड. मी विचारलं मागची राख बघितली का, तर उत्तर मला नाही, माझ्या नवऱ्याला दिलं, की स्टोव्ह स्वच्छ आहे. न्यू जर्सीहून भाऊजींचा फोन, "वहिनी, त्याचा धंदाच आहे तो, त्याला कळत नसेल का?" झालं, बोर्ड बदलला, काही शे डॉलर गेले, दुसऱ्याच संध्याकाळी स्टोव्ह परत विझला. मग म्हणे एक्झॉस्ट ब्लोअर (धूर बाहेर ओढणारा पंखा) बदलू. तिथे मी आडवी आले. म्हटलं आता एक पैसा द्यायचा नाही, मी बघते.

मॅन्युअलमध्ये धूर कुठून कसा जातो त्याचं एक चित्र असतं, ते कोणी बघत नाही, तुम्ही बघा. हवा बर्न पॉटच्या भोकांतून वर येते, जाळातून निघालेला धूर वरच्या बॅफलला (धुराच्या वाटेत आडव्या बसवलेल्या पत्र्याला) वळसा घालून हीट एक्स्चेंजरच्या (धुराची उष्णता खोलीच्या हवेला देणाऱ्या) नळ्यांमधून जातो, मग आतल्या मागच्या भिंतीआडून खाली, ॲश ट्रॅपमधून (राख साठते त्या कप्प्यातून) एक्झॉस्ट ब्लोअरकडे आणि पाइपातून बाहेर. ही सगळी वाट ब्लोअर ओढून चालू ठेवतो. म्हणून आत हवेचा दाब घराच्या दाबापेक्षा कमी असतो, आणि तो कमी आहे की नाही हे बघायला व्हॅक्यूम स्विच बसवलेला असतो. वाट तुंबली की ओढ कमी पडते, स्विच ऑगर (पेलेट पुढे ढकलणारा फिरता स्क्रू) थांबवतो, पेलेट पडायची बंद होतात, जाळ विझतो. म्हणजे तुमचा स्टोव्ह बिघडून विझत नाहीये, जे करायला हवं तेच करतोय! ज्याला हे माहीत नाही तो बोर्ड बदलणारच.

शनिवारी दुपारी स्टोव्ह पूर्ण गार करून प्लग काढला. बॅफल उचलून बाहेर काढलं. आतल्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना खाली छोटी झाकणं होती, एकेका स्क्रूची, ती मी उघडली तर आत बोट जाईना इतकी राख ठासून भरलेली. करडी आणि बोटांत धरली तरी जाणवणार नाही इतकी बारीक. मग नवऱ्याने बाहेर लीफ ब्लोअरची ओढणारी बाजू पाइपाच्या तोंडाला डक्ट टेपने जोडून चालू केली, आणि आत मी स्टोव्हचं दार उघडून मागच्या भिंतीवर रबरी हातोडीने ठोकत आणि नळ्यांतून ब्रश फिरवत बसले. दर ठोक्याला भिंतीआड राख घसरल्याचा सर्रर्र आवाज यायचा आणि बाहेर करडा लोट उठायचा. अंगणातला बर्फ पार रस्त्यापर्यंत राखाडी झाला, समोरची बाई आग लागली का विचारायला आली. संध्याकाळी पेटवला तर जाळ आखूड, पांढुरका पिवळा, आणि दुसऱ्या दिवशी काचेवर फक्त पुसता येणारी फिकट धूळ. तेव्हापासून अधेमधे विझणं बंद. बदललेला बोर्ड उगाचच गेला हे मी भाऊजींना तेव्हाच सांगितलं आणि अजून सांगते.

तर तुम्ही हेच करा. बर्न पॉटची भोकं एकेक करून मोकळी करा, ॲलन की हाताने फिरवली तरी होतं, नुसता ब्रश मारून भोकांतला कडक थर निघत नाही. बाहेरच्या पाइपाच्या टी-जोडाचं खालचं टोपण काढा, तिथेही साठते. व्हॅक्यूम स्विचला जाणारी रबरी नळी काढून तिच्या टोकाशी पेपरक्लिप फिरवा, बऱ्याचदा तेवढ्यानेच काम होतं. दाराचं गॅस्केट (दार हवाबंद करणारी कडेची पट्टी) बघायला एक डॉलरची नोट दारात धरून दार लावा, नोट सहज सरकली तर गॅस्केट बदला, ते स्वस्त आहे.

पेलेटबद्दल लोक उगाच वाद घालतात. प्रीमियम म्हणजे जास्तीत जास्त १ टक्का राख. ऐकायला काहीच नाही, पण टन म्हणजे ४० पौंडांच्या ५० बॅगा, २००० पौंड, त्यात २० पौंडांपर्यंत राख झाली की. हिवाळ्याला तीन टन जाळत असाल तर हिशोब तुम्हीच करा. राखेच्या पॅनमध्ये ती सगळी पडत नाही, थोडी भिंतीआड जाणारच. मात्र हॉपरच्या (पेलेट भरून ठेवतो त्या टाकीच्या) तळाशी साठलेला भुसा मधूनमधून काढत जा, तो ऑगर अडकवतो, आणि ओल लागलेली बॅग सरळ टाकून द्या.

राहता राहिला हीट पंप. आमच्याकडेही तेच टुमणं होतं, "लाइट गेली की तुमचा स्टोव्ह बंद." हो, बंद. ऑगर, ब्लोअर सगळं विजेवर. डिसेंबर २००८ च्या आइस स्टॉर्ममध्ये इथे न्यू हॅम्पशायरमध्ये चार लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली होती, काहींची तर दोन आठवड्यांपर्यंत. पण तेव्हा हीट पंप काय हवेवर चालला असता का? आणि फर्नेस? उलट हा स्टोव्ह पेटताना तीन-चारशे वॅट ओढतो, एकदा पेटला की शंभर-दीडशेच्या आसपास, म्हणजे बॅटरी आणि प्युअर साइन वेव्ह इन्व्हर्टरवर काही तास निघतात. चांगला चालणारा स्टोव्ह दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढू नका.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. काही मॉडेल्सच्या आतली मागची भिंत विटेची असते, ती ठोकू नका, तडकते, काढून साफ करा. राख घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका, निखारा राखेत दिवसेंदिवस जिवंत राहतो. झाकणाच्या लोखंडी बादलीत भरून घरापासून लांब ठेवा, लाकडी डेकवर नाही. व्हॅक्यूम स्विचच्या वायरी एकमेकींना जोडून स्टोव्ह चालवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, धूर घरात येईल. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालतोय का ते आजच बघा. वॉरंटी चालू असेल तर स्क्रू उघडायच्या आधी दुकानात विचारा. आणि बोर्ड कधीच जात नाहीत असं नाही, वीज पडून किंवा व्होल्टेज उसळून जातात, पण तेव्हा स्टोव्ह बहुतेक वेळा चालूच होत नाही, तासभर छान चालून विझत नाही.

तुम्ही लिहिलेली ऑगरची करकर म्हणाल तर बहुतेक भुसाच, हॉपर रिकामा करून तळ साफ करा, तरी राहिली तर बेअरिंग बघावं लागेल. राख काढूनही विझला तर मॉडेल आणि कोणता दिवा लुकलुकतो ते खाली लिहा, मी बघते.