गोट्यांच्या रिंगणाखाली सोनं असतं का हो?

प्रश्न: दादा, आमचं वावर काटोल रोडला, जुनापाणीजवळ. बाजूलाच मोठमोठे काळे गोटे गोल मांडलेत, मधे दगडमातीचा उंचवटा, पुरातत्त्व खात्याचा बोर्ड पण आहे. धुऱ्याला (शेताच्या बांधाला) त्यातले चार-पाच गोटे ट्रॅक्टरने आणले तर चालतं का? खाली सोनं आहे म्हणतात ते खरं का?
– एक वाचक, नागपूर जिल्हा

उत्तर: गोटे आणायचं आधी डोक्यातून काढा भाऊ. तो उंचवटा म्हणजे लोहयुगातलं दफन आहे, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीचं, आणि अशी तीनेकशे वर्तुळं एकट्या जुनापाणीत आहेत. 1962 मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी तिथली तीन उकरली तर निघालं काय, काळी-तांबडी मडकी, लोखंडी वस्तू आणि घोड्याच्या जातीच्या जनावराची हाडं! तिकडे नागपूरजवळच्याच माहुरझरीला तर घोड्याच्या तोंडावर घालायचे तांब्याचे दागिने मिळाले, म्हणजे माणसासोबत घोडा पण सजवून पुरला. सोन्याच्या नादात खड्डा कराल तर हातात खापरं येतील आणि वर केस लागेल, दोन वर्षांपर्यंत कैद नाहीतर एक लाखापर्यंत दंड नाहीतर दोन्ही. बोर्ड लावलेल्या संरक्षित जागेच्या हद्दीपासून 100 मीटरमध्ये नवीन बांधकाम पण बंद, त्यापुढच्या 200 मीटरला परवानगी लागते, तेव्हा गोठा वगैरे बांधायचा असेल तर आधी विचारून घ्या.

पण मला दंडापेक्षा दुसरंच सांगायचंय. काही गोट्यांवर छोटे खळगे कोरलेत, बोटाचं टोक टेकेल एवढे, ओळीने. सकाळच्या तिरप्या उन्हात जा, तेव्हाच नीट दिसतात, दुपारी गेलात तर नुसता दगड. मुंबईच्या टीआयएफआर या विज्ञान संशोधन संस्थेच्या लोकांनी मोजमाप केलं तर असे गोटे वर्तुळात ठराविक दिशांनाच बसवलेले निघाले. का, ते अजून वाद घालतायत, पण कोणता गोटा कुठे होता हीच तर सगळी गंमत आहे ना, एक जरी तुमच्या धुऱ्यावर आला की तो फक्त गोटा, आणि रिंगणात कायमची फट.

आणि आधीच एखादा आणला असेल (प्रश्नाच्या सुरावरून शंका येते हो, राग मानू नका) तर स्वतःच परत नेऊन ठेवू नका, अंदाजाने भलत्याच जागी ठेवाल. खात्याच्या नागपूर ऑफिसला सांगा आणि कुठून उचलला ती जागा दाखवा, जमिनीत त्याचा खळगा अजून असेलच.